गंगेवरील गवळीवाडा : टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांचे पुनर्वाचन

लक्षणेचे विवेचन करताना साहित्यशास्त्रज्ञांनी एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे : गंगेवर गवळीवाडा. वाहत्या पाण्यावर वाडा उभा राहू शकत नाही. म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो आणि ‘गंगेवर’ म्हणजे ‘गंगेच्या तीरावर’ असा लक्ष्यार्थ घ्यावा लागतो. तीराचा सरळ उल्लेख टाळल्याने शैत्य आणि पावित्र्य सूचित होते, हे त्या लक्षणेचे प्रयोजन. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त मांडलेली ही व्यवस्था विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) या इंग्रज विनोदी कादंबरीकाराच्या आंख-मॉर्पोर्क नगरात मात्र ती कोलमडते. या नगरातून वाहणारी आंख नदी घाणीने इतकी घट्ट झाली आहे की माणसे तिच्यावरून चालू शकतात. तेथे गवळीवाडा खरोखरच नदीवर बांधता येईल. मुख्यार्थाला बाधच उरला नाही, तर लक्षणा निघावी कोठून?

प्रॅचेट यांच्या विनोदाचे मर्म या प्रश्नात आहे. १९८३ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ४१ कादंबऱ्या ‘डिस्कवर्ल्ड’ नावाच्या एका सपाट, तबकडीसारख्या जगात घडतात. हे जग चार हत्तींच्या पाठीवर असून ते हत्ती एका महाकाय कासवावर उभे आहेत. (देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवापाशी थबकून गाभाऱ्याकडे जाणाऱ्या मराठी वाचकाला यात बिचकण्यासारखे काही नाही.) या जगात भाषा जे बोलते ते घडते. ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ (१९८९) या कादंबरीतील पहारेकऱ्यांचा असा विश्वास आहे की दहा लाखांत एक अशी संधी असली म्हणजे ती हमखास साधते. म्हणून ड्रॅगनवर बाण सोडण्यापूर्वी ते आपल्या नेमबाजाला मुद्दाम अधिकाधिक अडचणीत उभा करतात, म्हणजे शक्यता बरोबर तेवढीच भरावी. बाण अर्थातच चुकतो.

येथे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ज्या रूढींची भलामण करतात त्यांचीच त्यात फजिती होते, वाचकाने प्रत्येक विधान उलटे करून घ्यावयाचे असते. ही विपरीतलक्षणा होय. प्रॅचेट यांची रीत नेमकी याच्या विरुद्ध आहे. त्यांचे विधान उलटे करावयाचे नसते, ते जसेच्या तसे घ्यावयाचे असते, आणि हे कळण्यास बहुधा दुसरे वाचन लागते. पहिल्या वाचनात वाचक सवयीने लक्षणा करतो, अतिशयोक्ती म्हणून हसतो आणि पुढे जातो.

दुसरे वाचन कोठे होते यालाही काही अर्थ आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव पिंपरी-चिंचवड आणि चाकण या दोन औद्योगिक क्षेत्रांच्या मध्ये आहे. येथून पुण्याकडे जाणाऱ्याला मोशीजवळ इंद्रायणी ओलांडावी लागते. अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ या नदीच्या पात्रावर पांढरा फेस वारंवार पसरलेला दिसला आहे. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. असा पूल रोज ओलांडणाऱ्या वाचकाला आंख नदीची वर्णने अद्भुत वाटेनाशी होतात. शैत्य आणि पावित्र्य हे प्रयोजनच जेथे नाहीसे झाले आहे, तेथे ‘गंगेवर’ या पदाचे काय उरते, हे काव्यशास्त्राच्या तासाला विचारले जात नाही. कादंबरीकाराने ते हसत हसत विचारले आहे. अद्भुत वाङ्मय पलायनवादी असते, हा आक्षेप निदान या लेखकापुरता मागे घ्यावा लागतो.

‘फीट ऑफ क्ले’ (१९९६) या कादंबरीचे पुनर्वाचन सर्वांत अधिक फळते. यातील गोलेम हे मातीचे मजूर आहेत. ते रात्रंदिवस राबतात, वेतन घेत नाहीत आणि बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यात लिहून ठेवलेले शब्द त्यांना चालवितात. कॅरट हा पहारेकरी डॉर्फल नावाचा गोलेम विकत घेतो आणि खरेदीची पावती त्याच्याच डोक्यात ठेवतो. डॉर्फल स्वतःचा मालक होतो. वेतन मिळवून इतर गोलेम विकत घ्यावयाचे आणि मोकळे करावयाचे, असा त्याचा पुढचा बेत. प्रथम वाचताना ही कथानकातील एक चतुर युक्ती वाटते. पण कंत्राट, हजेरी आणि पाळी या तीन शब्दांवर ज्या पट्ट्यातील हजारो संसार चालतात, तेथे कागदावरील शब्द माणसाला चालवितात हे विधान रूपक राहत नाही. प्रॅचेट यांना बंडाच्या घोषणेपेक्षा पावती अधिक महत्त्वाची वाटली, यात त्यांची समज दिसते. लेखनावर निर्वाह चालू लागण्यापूर्वी ते वार्ताहर होते आणि पुढे वीजनिर्मिती मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते. कार्यालयीन कागदाचे सामर्थ्य त्यांनी जवळून पाहिले होते.

सर्वच कादंबऱ्या पुनर्वाचनाला टिकतात असे नाही. ‘द कलर ऑफ मॅजिक’ (१९८३) आणि ‘द लाइट फँटॅस्टिक’ (१९८६) या पहिल्या दोन कादंबऱ्या विडंबनापलीकडे फारशा जात नाहीत. ज्या कथांचे विडंबन केले त्या विस्मरणात गेल्या की विनोदही विरतो. ‘मॉर्ट’पासून (१९८७) लेखकाला स्वतःचा सूर सापडतो. २००७ साली स्मृतिभ्रंशाच्या एका दुर्मिळ प्रकाराचे निदान झाल्यानंतरही त्यांनी लेखन थांबविले नाही, पुढे ते तोंडी सांगून लिहवून घेऊ लागले. तथापि ‘रेझिंग स्टीम’ (२०१३) या आगगाडीच्या कादंबरीतील संवाद सैल झाले आहेत, हे आदर राखूनही नोंदविले पाहिजे.

या कादंबऱ्या मराठीत आणू म्हणणाऱ्यापुढे मृत्यू हे पात्र उभे राहील. मूळ इंग्रजीत त्याचे बोलणे अवतरणचिन्हांवाचून, लहान आकाराच्या मोठ्या लिपीत छापलेले असते. तो आवाज कानांना न कळता थेट मनात उतरतो, हे त्यातून सुचविलेले असते. देवनागरीत लहान-मोठी लिपी हा भेदच नाही. लिंगाची अडचण मात्र मराठीत येत नाही : पोलिश भाषेत मृत्युवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे आणि पात्र पुरुष आहे, मराठीतील ‘मृत्यू’ पुल्लिंगीच आहे. उलट इंग्रजीजवळ नसलेले एक साधन मराठीजवळ आहे. सर्वांशी सारखेच वागणारा हा मृत्यू माणसाला ‘तू’ म्हणेल, ‘तुम्ही’ म्हणेल की ‘आपण’? ‘तू’ने जवळीक येते आणि अधिकारही येतो, ‘आपण’ने कचेरीतील बाबू समोर उभा राहतो. राजा असो वा भिकारी, त्याने दोघांनाही ‘तुम्ही’ म्हणावे, हेच त्याच्या स्वभावाला धरून होईल; मांजरांना मात्र, ज्यांच्यावर त्याचा विशेष जीव आहे, ‘तू’.