‘हरित’ या विशेषणाची परीक्षा : जस्त-ऑक्साइडाच्या नॅनोकणांच्या निमित्ताने

धातू-ऑक्साइडांच्या नॅनोकणांवरील लेखनात ‘हरित संश्लेषण’ हा शब्दप्रयोग आता इतका रूढ झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ विचारणे हेच अप्रस्तुत ठरावे. जस्त-ऑक्साइडाविषयीच्या निबंधांची मांडणी बहुधा ठरलेली असते : कडुनिंब, तुळस किंवा कोरफड यांचा अर्क काढावयाचा, तो झिंक नायट्रेटाच्या द्रावणात मिसळावयाचा, मिश्रण तापवावयाचे, शेवटी भट्टीत त्याचे निस्तापन करावयाचे, आणि समारोपात ही पद्धत सोपी, स्वस्त व पर्यावरणस्नेही असल्याचे नमूद करावयाचे. यांपैकी तिसऱ्या विशेषणाची छाननी करणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम रसायनशास्त्राचीच एक बाब पाहू. अर्कातील द्रव्ये जस्ताच्या आयनांचे क्षपण करतात, असे विधान या लेखनात वारंवार आढळते. चांदीच्या वा सोन्याच्या कणांबाबत ते योग्य आहे. तेथे आयनापासून धातू मिळवावयाचा असल्याने क्षपण अटळ असते, आणि अर्क सोडियम बोरोहायड्राइडासारख्या तीव्र क्षपणकाची जागा घेतो. परंतु झिंक नायट्रेटात जस्ताची संयुजा दोन, आणि ऑक्साइडातही दोनच. क्षपण व्हावयाचे ते कशाचे? अर्कातील द्रव्ये आयनांस बांधून ठेवीत असतील, कणांची वाढ रोखीत असतील, निस्तापनाच्या वेळी इंधन म्हणून जळतही असतील. ही कार्ये उपेक्षणीय नाहीत. तथापि, जे घातक द्रव्य मूळ कृतीत नव्हतेच, ते टाळल्याचे श्रेय अर्कास देता येत नाही.

आता हिशेब मांडू. उत्पादन पूर्ण मिळाले असे धरले, तरी १ किलोग्रॅम जस्त-ऑक्साइडासाठी सुमारे ३.६६ किलोग्रॅम सजल झिंक नायट्रेट लागते. ते कॉस्टिक सोड्याने अवक्षेपित केल्यास सुमारे ०.९८ किलोग्रॅम सोडा खर्ची पडून २.०९ किलोग्रॅम सोडियम नायट्रेट सांडपाण्यात जाते. अवक्षेप न करता सर्व नायट्रेट भट्टीतच विघटित झाले, तर १.१३ किलोग्रॅमपर्यंत नायट्रोजन डायऑक्साइड वायू बाहेर पडू शकतो. अर्कातील सेंद्रिय द्रव्यामुळे त्यातील काही अंश निरुपद्रवी नायट्रोजनात रूपांतरित होईल, पण किती, हे मोजल्यावाचून सांगता येणार नाही. नायट्रेट पाण्यात गेले काय किंवा हवेत गेले काय, पानांच्या अर्काने ते नाहीसे होत नाही.

याहून विलक्षण गोष्ट मूळ क्षाराची आहे. झिंक नायट्रेट सामान्यतः जस्त किंवा जस्त-ऑक्साइड नायट्रिक आम्लात विरघळवूनच तयार करतात. म्हणजे कित्येकदा ऑक्साइडाचा क्षार करावयाचा व त्या क्षाराचे पुन्हा ऑक्साइड करावयाचे, असा हा फेरा होतो. नायट्रिक आम्ल अमोनियापासून होते, आणि त्या प्रक्रियेत निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडाच्या सुमारे २७० पट तापकारक ठरतो. निबंधाची सुरुवात बाटलीतील क्षारापासून होत असल्यामुळे यांपैकी काहीच त्यात येत नाही.

यावरून जुन्या औद्योगिक पद्धती निर्दोष ठरतात, असे मात्र नव्हे. जस्ताची वाफ हवेत जाळून ऑक्साइड करण्याच्या पद्धतीत नायट्रेटाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु वाफेसाठी उष्णता लागते, आणि धातू मिळविताना सल्फाइड खनिज भाजल्याने गंधकाचा डायऑक्साइड निघतो. तसेच प्रयोगशाळेतील भट्टीत दोन-तीन ग्रॅमांसाठी लागलेल्या विजेस हजाराने गुणून कारखान्याची वीज काढणेही अन्यायाचे होईल. दोन्ही बाजूंची सीमारेषा एकाच ठिकाणी आखली, तरच तुलना ग्राह्य मानता येते.

अशी मोजमापे उपलब्ध नाहीत असेही नाही. दर किलोग्रॅम उत्पादनामागे किती किलोग्रॅम टाकाऊ द्रव्य निर्माण होते, हा गुणांक रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडला. वरील अवक्षेपण-पद्धतीत पाणी वगळूनही तो एकट्या सोडियम नायट्रेटामुळे दोनच्या वर जातो. अनास्तास व वॉर्नर यांनी १९९८ मध्ये दिलेल्या बारा तत्त्वांपैकी पहिले टाकाऊ द्रव्य मुळातच टाळण्याचे, तर सहावे ऊर्जेच्या काटकसरीचे आहे. अर्काचा वापर फार तर नवीकरणीय कच्च्या मालाच्या सातव्या तत्त्वाशी जोडता येईल. एका तत्त्वाच्या आधारावर बारांचे प्रमाणपत्र घेणे उचित नव्हे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. आजचा प्रबंध हाच उद्याच्या कारखान्याचा पहिला आराखडा असतो, आणि जे प्रबंधात मोजले गेले नाही ते पुढे नदीला व भोवतालच्या वस्तीला सोसावे लागते. यास्तव ‘हरित’ हे विशेषण वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मूळ क्षार, पाणी, वीज, धुण्याचे द्रव व बाहेर पडलेले नायट्रेट यांचे दर ग्रॅमामागील आकडे एका तक्त्यात द्यावेत, आणि अर्काविना केलेल्या त्याच कृतीचे आकडे त्याशेजारी ठेवावेत. मार्गदर्शकांनी व परीक्षकांनीही हा तक्ता मागावा. तो पाहून विशेषण टिकले, तर ते कमावलेले असेल. न टिकले, तरी त्या तक्त्याने शास्त्रात भरच पडेल.