गोविंदराव टेंबे यांचे संगीतग्रंथ : बखर कीं अस्सल साधन ?

जुन्या घरांतील रुमाल सोडतांना संशोधकाची दृष्टि सनदा, महजर व पत्रें यांवर खिळलेली असते. त्यांतच निघणारी चिजांची वही बहुधा बाजूस पडते. हातखंबा येथें रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवें महामार्ग ओलांडून आंबा घाटानें कोल्हापुराकडे जातो. येथें बसून त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडील एका वादकाच्या ग्रंथांची परीक्षा आम्ही करीत आहों. तिचें प्रयोजन त्या बाजूस पडणाऱ्या वहीशीं आहे.

गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) हे कोल्हापूरचे. पेटीवादक म्हणून त्यांनीं भास्करबुवा बखले यांची साथ केली, त्यांस गुरुस्थानीं मानलें, आणि साथीचें म्हणून हिणवलें गेलेलें हें वाद्य स्वतंत्र वादनाच्या पदवीस नेलें. १९११ सालीं खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स त्यांनीं चाली दिल्या, १९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांजसह गंधर्व नाटक मंडळी काढली, १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास संगीत देऊन हरिश्चंद्राची भूमिकाही केली. चाली नटांच्या गळ्यांत बसविणें हें त्यांचें अध्यापन होय. संशोधन म्हणावें तें ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९), ‘माझा जीवनविहार’ (१९४८) आणि अल्लादियाखाँ यांचें चरित्र यांत आहे.

या ग्रंथांवर इतिहासाच्या बाजूनें आक्षेप उघड आहे. हें लेखन आठवणींचें आहे. प्रसंग घडल्यावर कैक वर्षांनीं तें कागदावर उतरलें. बखरींविषयीं राजवाडे यांनीं जी सावधगिरी आपणांस शिकविली, ती येथेंही लागू पडते. अमुक मैफल कोणत्या सालची, अमुक गवई कोणत्या दरबारीं केव्हां आला, इतक्यापुरतें टेंबे यांचें वाक्य एकट्यानें प्रमाण धरूं नये. त्यास तत्कालीन हस्तपत्रकाचा, वर्तमानपत्राचा किंवा संस्थानी दप्तरांतील नोंदीचा आधार शोधलाच पाहिजे. जे लेखक ‘टेंबे म्हणतात’ एवढ्यावर शक ठरवितात, ते आमच्या मतें चुकतात.

परंतु याच कारणानें हे ग्रंथ गौण ठरविणें ही उलट बाजूची चूक होय. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं चिजा मिळविल्या, स्वरलिपींत मांडल्या व थाटांत बसविल्या. तें काम थोर आहे. तथापि स्वरलिपींत न उतरणारा भाग, म्हणजे मुखडा समेवर कसा येतो, तान कोठें वळते, दम कोठें घेतला जातो, हा गवयाच्या शेजारीं बसून त्याच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या साथीदारासच कळतो. या बाबतींत टेंबे साक्षीदार आहेत, आणि साक्ष प्रत्यक्ष आहे. तारखेपुरती ती बखर. गायकीपुरतें तें अस्सल पत्र.

या साक्षीस त्यांच्या वाद्याची मर्यादाही उपकारक झाली असावी, असा आमचा तर्क आहे. पेटीचा स्वर ठरलेला. तिच्यांत मींड नाहीं. समविभागी सप्तकांतील शुद्ध गंधार ४०० सेंट, तर ५:४ प्रमाणाचा सुमारें ३८६ सेंट. म्हणजे पेटीचा गंधार सुमारें १४ सेंटांनीं चढा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं ही उणीव गणितानें भरूं पाहिली. १९१० सालीं त्यांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ निघाला आणि क्लेमंट्स यांच्या साहाय्यानें श्रुतींची पेटीही सिद्ध झाली. टेंबे बारा पट्ट्यांच्याच पेटीवर राहिले. जें आपल्या बोटांखालीं येत नाहीं तें कानानें अधिक बारकाईनें टिपावें लागतें. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ सालीं शिथिल झाली. टेंबे यांच्या निधनापर्यंत ती कायमच होती. पेटी त्याज्य ठरविणाऱ्यांनीं पेटीवाल्याच्या कानाचा विचार केला नाहीं, असें या ग्रंथांवरून म्हणावें लागतें.

मग तपास करावा कसा ? मार्ग जवळच आहे. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल व ‘चाल’ दिलेली असते. ती ज्या मूळ चिजेवरून घेतली तिचे आरंभींचे शब्द तेथें आढळतात. ‘मानापमाना’च्या चालींत पूरबकडील ठुमरी-दादऱ्यांचा वांटा मोठा आहे. त्या मूळ चिजा ज्या वह्यांत लिहिलेल्या सांपडतील, त्या वह्या, छापील ‘चाल’ आणि टेंबे यांचें कथन हीं तिन्ही एकत्र ठेवलीं म्हणजे चाल कोठून आली व नाटकांत येतांना कितपत बदलली, हें सांगतां येईल. एकट्या आठवणीनें तें होत नाहीं. एकट्या वहीनेंही होत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. कोंकणांतील असो कीं घाटावरील, रुमालांत चिजांची वही, पदांचें फाटकें पुस्तक किंवा नाटकाचें हस्तपत्रक निघाल्यास तें रद्दींत घालूं नये; कोणाच्या घरीं, कोणत्या कागदांबरोबर मिळालें, याची नोंद करून ठेवावें. तीं मिळालीं तरच टेंबे यांच्या साक्षीची उलटतपासणी होईल. उलटतपासणींत टिकलेली साक्ष हीच इतिहासाच्या कामाची.