लियाच्या बाटल्यांवर काय लिहिलं होतं?

स्थलांतरितांच्या शुश्रूषेवर कुठलाही अभ्यासक्रम उघडा, त्यात अ‍ॅन फॅडिमनचं ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ हे पुस्तक सापडण्याची शक्यता मोठी आहे. 1997 साली आलं, त्याच वर्षासाठी नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचं पारितोषिक मिळालं, आणि तेव्हापासून डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ते अशा सगळ्यांना ते वाचायला दिलं जातं. मीही पहिल्यांदा ते असंच वाचलं. दोन रात्री जागले, रडले, आणि ‘संस्कृतींची टक्कर’ हा धडा वहीत लिहून घेतला. आता प्रबंधासाठी दुसऱ्यांदा वाचलं, हातात पेन्सिल घेऊन, आणि त्या धड्यावर काट मारावी असं वाटायला लागलं. आजची पोस्ट त्याबद्दल.

गोष्ट थोडक्यात. ली कुटुंब म्हणजे लाओसमधले ह्मोंग लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने लाओसच्या डोंगरांत ह्मोंग सैनिक उभे केले. 1975 मध्ये अमेरिका निघून गेली आणि हे लोक मागे उरले. थायलंडच्या छावण्यांमधून हजारो कुटुंबं अमेरिकेत पोचली. त्यातलंच हे एक, कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावात राहिलेलं. 1982 मध्ये लियाचा जन्म झाला. तीनेक महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा फिट आली. बहिणीने दार जोरात आपटलं, त्या आवाजाने घाबरून बाळाचा जीव अंगातून निघून गेला, असं आईवडिलांचं निदान. ह्मोंग भाषेत या आजाराच्या नावाचा अर्थच ‘भूत पकडतं आणि तुम्ही पडता’ असा आहे. इंग्रजी वाचकाला हे समजवायला फॅडिमनला पानंच्या पानं लागतात. मराठी वाचकाला ‘बाहेरची बाधा’ आणि ‘अंगात येणं’ हे दोन शब्द पुरेत. एकाच गोष्टीची भीतीही वाटते आणि तिला मानही असतो, हे आपल्याला नवीन नाही.

डॉक्टरांचं निदान: अपस्मार. पुढच्या चार वर्षांत मर्सेडच्या सरकारी रुग्णालयात सतरा वेळा भरती. औषधांच्या चिठ्ठ्या तेवीस वेळा बदलल्या. आईवडील औषधं सांगितल्याप्रमाणे देत नाहीत म्हणून डॉक्टरांनी बालसंरक्षण खात्याला कळवलं आणि 1985 मध्ये लियाला जवळजवळ वर्षभर दुसऱ्या कुटुंबात ठेवलं गेलं. नोव्हेंबर 1986 मध्ये सगळ्यात मोठा झटका आला, सोबत रक्तात जंतुसंसर्ग झाला, आणि मेंदूचं काम जवळपास संपलं.

आता पेन्सिलीने खुणा केलेल्या जागा.

ऑक्टोबर 1982. फोउआ आणि नाओ काओ, म्हणजे लियाचे आईवडील, तिला तातडीच्या विभागात घेऊन येतात. पोचेपर्यंत फिट थांबलेली असते. ह्मोंग बोलणारं कुणी नाही. डॉक्टरला दिसतं ते खोकणारं बाळ. एक्स-रे बघून फुप्फुसाच्या संसर्गावर प्रतिजैविक दिलं जातं. वडील वाचता न येणाऱ्या कागदावर सही करतात. पुढच्याच महिन्यात हेच सगळं पुन्हा. मार्च 1983 मध्ये तिसऱ्यांदा आणलं तेव्हा योगायोगाने झटका चालू होता, म्हणून अपस्मार ओळखला गेला. म्हणजे पाच महिने उशीर. यात आत्मा कुठे आहे? भूत कुठे आहे? यात फक्त एक दुभाष्या नाही.

त्या काळी त्या रुग्णालयाची व्यवस्था अशी होती: प्रयोगशाळेत, वॉर्डात, स्ट्रेचर ढकलायला जी ह्मोंग माणसं कामाला होती त्यांनाच हातातलं काम सोडून बोलवायचं. रात्रपाळीला बहुतेक वेळा तेही नसायचे. आणि लहान मुलांच्या फिटा काही ऑफिसची वेळ बघून येत नाहीत.

मग बाटल्या. आईवडिलांना इंग्रजी येत नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं. एक औषध अर्धी गोळी, एक पातळ, एक दिवसातून दोनदा, एक हळूहळू कमी करायचं, आणि हे सगळं दर काही आठवड्यांनी बदलणार. ही चिठ्ठी मला दिली तरी माझ्याकडून चुकेल. घरी येणाऱ्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या परिचारिकांनी बाटल्यांना रंगीत स्टिकर लावले, सिरिंजवर रेघा ओढल्या, तक्त्यावर गोळ्यांचे नमुने चिकटवून शेजारी उगवता सूर्य, मावळता सूर्य आणि चंद्र काढले. पुस्तकात हा भाग जेमतेम येतो आणि जातो, आणि वाचताना तो थोडासा विनोदीही वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण ह्मोंग विश्वदृष्टी वगैरे काही माहीत नसताना या नर्सेसनी नेमका प्रश्न ओळखला होता. पण त्या तेवीस चिठ्ठ्या बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. स्टिकर हातात होते, ते त्यांनी लावले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळं भाषेवर ढकलता येत नाही. आईवडील काही औषधं जाणूनबुजून देत नव्हते. औषधाने मूल बिघडतंय असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी ‘त्सी नेंग’ला, म्हणजे आपल्याकडच्या देवऋषीच्या जवळपास जाणाऱ्या माणसालाही बोलावलं. पण त्यांचं निरीक्षण अगदीच चूक नव्हतं: तिला दिलेल्या फेनोबार्बिटालने लहान मुलं चिडचिडी, अतिचंचल होऊ शकतात हे वैद्यकालाही माहीत आहे. दुसऱ्या कुटुंबात औषधं वेळेवर मिळत होती, तरी झटके थांबले नाहीत. आणि शेवटच्या आघातानंतर तिला तपासणाऱ्या मेंदूतज्ज्ञाने फॅडिमनला जे सांगितलं ते पुस्तकातलं सगळ्यात जड वाक्य आहे. आशय असा, की हे आईवडिलांनी केलेलं नाही, आम्ही केलं. तिला चालू असलेल्या औषधामुळे प्रतिकारशक्ती घटलेली असू शकते. म्हणजे ज्या ‘न ऐकण्या’साठी मूल काढून घेतलं, त्याने हे घडलंच नव्हतं.

फॅडिमन हे सगळं लपवत नाही, हे तिचं मोठेपण. माझी तक्रार तिच्या माहितीबद्दल नाहीच, मांडणीबद्दल आहे. एक प्रकरण लियाचं, एक ह्मोंगांच्या इतिहासाचं, पुन्हा लिया, पुन्हा चीन आणि लाओसचे डोंगर अशी वीण असल्यामुळे प्रत्येक चुकलेली गोळी दोन हजार वर्षांच्या परंपरेला जोडली जाते. मानववंशशास्त्रज्ञ जॅनेल टेलर यांनी 2003 मध्ये ‘मेडिकल अँथ्रोपोलॉजी क्वार्टर्ली’त यावर एक धारदार लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, फॅडिमनने ही शोकांतिका म्हणून रचली आहे. शोकांतिकेत शेवट अटळ असतो. त्यामुळे संस्कृती म्हणजे दोन दगड, आदळणारच, असं चित्र तयार होतं. पटतं मला. फक्त एक भर घालते. आईवडिलांचं म्हणणं आपल्याला पुस्तकात इतकं स्वच्छ ऐकू येतं ते का? कारण फॅडिमनने सोबत एक चांगली ह्मोंग दुभाषी नेली आणि तिच्याबरोबर त्या घरात जमिनीवर तासन्‌तास बसली. एका पत्रकाराला जे जमलं ते रुग्णालयाला जमलं नव्हतं. टक्कर अटळ नव्हती याचा पुरावा खुद्द पुस्तकच आहे!

या वाचनाचा तोटा वर्गात दिसतो. विद्यार्थी बाहेर पडताना म्हणतात, ‘ह्मोंगांबद्दल माहिती हवी.’ मग ती माहिती पुरवणारी पाठ्यपुस्तकं तयारच असतात. या शाखेचा पाया घातला तो मॅडेलिन लायनिंजर यांनी. नर्स असून मानववंशशास्त्र शिकलेल्या, पापुआ न्यू गिनीत गॅडसुप लोकांमध्ये राहून काम केलेल्या बाई. शुश्रूषा ही संस्कृतीगणिक वेगळी असते, हे त्यांनी ठासून मांडलं तेव्हा ते नवीन होतं, धाडसाचं होतं. पण त्यांच्यामागून जी हँडबुकं आली त्यात एका समाजाला एक प्रकरण असा हिशोब झाला. पर्नेल आणि पॉलांका यांच्या जाडजूड ग्रंथात ‘हिंदू वारशाचे लोक’ असंही एक प्रकरण आहे. ते वाचताना मी सोलापूरच्या आजीला आणि डोंबिवलीच्या मावशीला त्यात बसवून पाहिलं. दोघी बसेनात. एकमेकींच्या स्वयंपाकघरात दोन दिवस त्यांचं जमत नाही, प्रकरणात कुठून जमणार?

आर्थर क्लाइनमन यांचे आठ प्रश्न (‘तुमच्या आजाराला तुम्ही काय म्हणता?’, ‘तो कशामुळे झाला असं वाटतं?’ वगैरे) फॅडिमनच्या पुस्तकामुळे घराघरांत नाही तरी वर्गावर्गांत पोचले. त्याच क्लाइनमननी 2006 मध्ये पीटर बेन्सन यांच्याबरोबर ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये एक उदाहरण दिलं. मेक्सिकन बाप, स्वतः एचआयव्हीबाधित, चार वर्षांचा मुलगाही बाधित, आणि हा माणूस मुलाला नियमित तपासणीला आणत नाही. डॉक्टरांना खात्री की सांस्कृतिक समजुती आड येतायत. मानववंशशास्त्रज्ञाने जाऊन विचारलं तर आजाराबद्दल त्याला जवळपास सगळं माहीत. तो कमी पगाराचा बस ड्रायव्हर होता, बरेचदा उशिरा रात्रीच्या पाळ्या करणारा. वेळ नव्हता. बस.

माझ्या कामाला यापेक्षा जवळची वाटते ती न्यूझीलंडमधली वाट. 1988 मध्ये एका सभेत पहिल्या वर्षाच्या माओरी विद्यार्थिनीने विचारलं, की तुम्ही कायदेशीर सुरक्षितता, नैतिक सुरक्षितता शिकवता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने तो शब्द उचलला, त्यावर काम केलं, आणि 1992 मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने तो शिक्षणात आणला. पुढे वर्तमानपत्रांतून बरीच राळ उडाली, संसदीय समितीसमोर विषय गेला, तरी तो टिकला. रॅम्सडेन यांचं सूत्र साधं आहे: शुश्रूषा सुरक्षित होती की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, ती घेणाऱ्याने ठरवायचं. नर्सने दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करायच्या नाहीत, स्वतःच्या हातात किती सत्ता आहे ते आधी बघायचं.

पण हे सूत्र लियाच्या घरी नेलं की अडखळतं, आणि माझा प्रबंधही सध्या इथेच अडखळलाय. माओरींच्या हातात 1840 चा वायतांगीचा तह होता. तो कितीही वेळा मोडला गेला असला तरी त्यावर बोट ठेवून ‘तुम्ही हे द्यायला बांधील आहात’ असं म्हणता येत होतं. निर्वासिताच्या हातात काय असतं? फोउआने ‘ही शुश्रूषा मला सुरक्षित वाटत नाही’ असं म्हटलं असतं तर कुणाला? कुठल्या भाषेत? आणि तसं म्हटल्यावर मूल नेणार नाहीत याची हमी कोण देणार होतं? तिने औषध न देऊन ते म्हटलंच होतं एका अर्थाने, आणि उत्तर कोर्टाकडून आलं. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय मूळ बघून भेदभाव करता येत नाही, आणि दुभाष्या पुरवणं त्यातच येतं हा अर्थ पुढे पक्का होत गेला. मला वाटतं निर्वासितांसाठी तहाची जागा घेईल असं काही असेल तर ते हेच, कोरडं आणि कायद्याच्या भाषेतलं. मर्सेडच्या एका रुग्णालयाने 2009 मध्ये ह्मोंग त्सी नेंगना वॉर्डात विधी करायला रीतसर परवानगी दिली. चांगलंच झालं. मी मात्र त्या बातमीतही आधी हेच शोधत होते, की रात्री दोन वाजता तिथे ह्मोंग कोण बोलतं.

एक शेवटचं, जे मी पहिल्या वाचनात पूर्ण घालवलं होतं. 1986 मध्ये लिया मरणार म्हणून तिला घरी पाठवलं. ती 31 ऑगस्ट 2012 ला गेली, तीस वर्षांची होऊन. मधली जवळपास सव्वीस वर्षं तिला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, केस विंचरणं, पाठीवर बांधून हिंडवणं हे घरच्यांनी केलं. तिचा तजेला बघून डॉक्टरही चकित व्हायचे. औषध नीट देत नाहीत म्हणून जिचं मूल नेलं, ती हीच आई. अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात चांगली नर्स फोउआ आहे, आणि हे पुस्तक नर्सिंगला लावणाऱ्या किती जणांनी तिला त्या नजरेने शिकवलं असेल, कोण जाणे.

पुढच्या सत्रात माझ्याकडे या पुस्तकाचे दोन तास आहेत. इतिहासाची प्रकरणं मी मागे ठेवणार आहे. पहिल्या तासाला फक्त ऑक्टोबर 1982 ची ती भेट आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचं प्रकरण.