खिळा नसलेलं वाद्य

नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना ढोल आठवतो. मिरवणुकीतला तो दणका खराच, पण एकलहऱ्यासारख्या गोदाकाठच्या गावात वर्षभर साथ असते ती पखवाजाची. १९७०च्या आसपास इथे औष्णिक वीज केंद्र सुरू झालं, वसाहत वसली. अशा वसाहतीत पाळीवरून आलेला माणूसही संध्याकाळी भजनाला बसतो. मग कधीतरी एखाद्या घरात कपाटावरचा जुना पखवाज खाली निघतो: पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, फाटलेली, ते ताणणारी वादी कडक झालेली, खोडावर ऑइलपेंटचे थर.

तो दुरुस्त करायला घेतला की आधी उलगडावा लागतो, आणि तिथेच त्याच्या रचनेची खुमारी कळते. पखवाजात खिळा नाही, स्क्रू नाही, डिंकसुद्धा नाही. दोन्ही तोंडांच्या पुड्या त्यांच्या कडेच्या चामडी गजऱ्यातून ओवलेल्या एका लांब वादीने एकमेकींना ओढून धरतात; एकीचा ताण हाच दुसरीचा आधार. वादी सोडली की काही मिनिटांत खोड, पुड्या आणि वादी ताणणारे आठ लाकडी गट्टे वेगवेगळे हातात येतात. मला यात कारागिराचं मोठं शहाणपण दिसतं. चामडं मरणार, लाकूड टिकणार, हे त्याने धरूनच चालायचं. म्हणून वस्तू अशी बांधायची की पुढच्या माणसाला काही तोडावं लागू नये.

मोकळं खोड मांडीवर घेऊन सावकाश पाहावं. खैराचं किंवा शिसवाचं असेल तर वजनावरूनच कळतं. उजवं तोंड लहान, डावं मोठं, आणि फुगवटा मधोमध नाही. तो डावीकडे सरकलेला. बाहेरून कातकाम गुळगुळीत, पण आत हात घातला तर पटाशीचे घाव बोटांना लागतात. ते घासायच्या फंदात पडू नये. काम आहे ते काठाचं. स्वयंपाकघराच्या सपाट ओट्यावर तोंड टेकवायचं. काठाखालून उजेड दिसला, तर तिथे पुडी नीट बसणार नाही. मग एका सपाट फळीवर काचपेपर चिकटवून काठ त्यावर गोल गोल फिरवायचा, फट मिटेपर्यंत. हे कंटाळवाणं काम खोडाच्या रंगरंगोटीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

रंगाचं म्हणाल, तर ऑइलपेंट खरवडून काढावा आणि पुन्हा लावू नये. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख मलमलीच्या बोळ्याने पातळ हातांनी चढवली की लाकडाच्या रेषा वर येतात. आरशासारखी चकाकी देणारं जाड व्हार्निश मला पखवाजावर पाहवत नाही. वादीने वर्षानुवर्षं घासून पाडलेले पुसट चर असतील, तर तेही राहू द्यावेत. नवी वादी त्यावरूनच जाणार आहे.

पुडी मात्र घरी होत नाही. ती कारागिराकडूनच आणावी, कारण तिच्यावरची शाई, म्हणजे मधला काळा गोल लेप, हा हौशी हाताचा प्रांत नव्हे. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थर एकावर एक द्यायचे आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटायचा. त्या घोटण्याने शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळेच ती चामड्याबरोबर हलू शकते. साध्या ताणलेल्या गोल चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे पडतात, म्हणून त्यातून नुसता आवाज निघतो. शाईचा भार त्यांना दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशेबात आणतो आणि आवाजाचा स्वर होतो. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह हे १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं, कारागिरांच्या कानाला ते केव्हाच उमगलं होतं.

डावीकडे शाई नाही, तिथे ओली कणीक. भजनापूर्वी थापायची, संपल्यावर खरवडायची. पोळ्यांच्याच परातीतला गोळा चालतो, फक्त जरा सैल हवा. ही तात्पुरती तजवीज फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात भरतमुनी वाद्याच्या मुखावर नदीकाठची काळी माती लावायला सांगतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव भात आणि राख कालवतो. एकलहऱ्यात गोदेची काळी माती आहे आणि वीज केंद्राच्या राखेचा तर डोंगर आहे; पण त्या राखेवर प्रयोग करू नये, कणीक बरी.

शेवटी वादी ओवायची, गट्टे सरकवायचे आणि गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देत सगळीकडून एकच स्वर येतो का ते ऐकायचं. नवं चामडं सुरुवातीला ओढलं तरी पुन्हा उतरतं. उन्हाळ्यात चढतं, पावसाळ्यात पार बसतं. बसलं की वादी पुन्हा खेचायची, गट्टे पुन्हा ठोकायचे. चामडं स्थिरावेपर्यंत हरिनाम सप्ताहाला शेजारच्या मंडळाचा पखवाज मागून आणलेला बरा.