गाण्याला रात्र लागते

सेमाडोहजवळून वाहते ती सिपना. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग. परतवाड्याहून धारणीकडे जाणारे आपण नदीचं नाव सहज घेतो, पण त्या नावात एक झाड उभं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. मेळघाटातल्या कोरकू गीतकथेचंही तसंच झालं आहे. ती आपल्या कानावर पडते, पण आपण ती ऐकत नाही. मेळघाट म्हटलं की मराठी वाचकाला वाघ आठवतो, नाहीतर कुपोषण. त्या डोंगरात कहाणी सांगणारी माणसंही राहतात, हे आपल्या लेखनात क्वचितच येतं.

रसेल आणि हिरालाल या अभ्यासकांनी 1916 साली नोंदवलेली कोरकूंची उत्पत्तिकथा घ्या. सातपुडा-विंध्याचे डोंगर ओस पडलेले पाहून रावणानं महादेवाला साकडं घातलं. कागेश्वर कावळ्यानं लाल मातीचं वारूळ शोधून दिलं. त्या मातीतून महादेवानं एक पुरुष आणि एक बाई घडवली, पण इंद्राच्या घोड्यांनी दोन्ही मूर्ती तुडवल्या. मग महादेवानं आधी राखणीला कुत्रा केला आणि पुन्हा माणसं घडवली, ती मुला आणि मुलई. या कथेत रावण खलनायक नाही, त्याच्याच विनवणीनं माणूस जन्माला आला. मेघनादाची पूजा करणाऱ्या समाजातला गायक रावणाचं नाव घेतो तेव्हा त्या नावाचं वजन आपल्या कीर्तनातल्या रावणाहून वेगळं असतं. वारसा कलाकाराला काय देतो, याचं उत्तर मला इथं सापडतं. पेहराव आणि ढोल तर तो देतोच. पण कोणाच्या बाजूनं उभं राहून सांगायचं, ती जागाही वारशानंच मिळते.

दुसरी देणगी भाषेची. कोरकू ही मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी दूर पूर्वेला राहिल्या. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे 7 लाख 27 हजार होते. मराठीसारखाच तिच्यात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे, शिवाय ‘आपण दोघं’ यासाठी वेगळं सर्वनाम आहे. प्रेमगीतात ते एक सर्वनाम आलं की सारं गाव एका शब्दात बाहेर राहतं आणि दोघंच उरतात. मराठी अनुवादात हे हमखास सुटतं. मग आपण म्हणतो, आदिवासी गाणी साधी असतात!

ही कला बघायची तर होळीला यावं. मजुरीसाठी दूर गेलेली माणसं या दिवसांत गावी परततात. फगवा मागितला जातो, ढोल-बासरी निघते. बाया हातात हात गुंफून ओळ धरतात, पुढं सरतात, मागं येतात, आणि एका ओळीनं टाकलेला शब्द दुसरी उचलते. गाणं वाढतं ते या देवाणघेवाणीत. त्याला घाई चालत नाही, रात्र लागते.

सरकारी महोत्सवात तीच माणसं दहा मिनिटांसाठी मंचावर येतात. गादली-सुसुन नाचाची पावलं दिसतात, फोटो निघतात, पण समोर बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. उत्तर देणारी ओळ नसेल तर कथा कशी पुढं सरकणार? अशा कार्यक्रमांनी नाच टिकवला, हे मी मान्य करतो. गाण्यातली गोष्ट मात्र त्यांनी कापून टाकली.

मोबाइलवर फिरणाऱ्या नव्या कोरकू गाण्यांना नाकं मुरडणं मला पटत नाही. की-बोर्ड वाजतो म्हणून ती खोटी ठरत नाहीत. तरणी पोरं आपल्या भाषेत गातात, याचा आनंदच आहे. अडचण लांबीची आहे. चार-पाच मिनिटांत प्रेम मावतं, पण मुला-मुलई मावत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला मध्येच शब्द टाकता येत नाही.

कोलंबियातल्या व्हायेनातोशी कोरकू गाण्याच्या या स्थितीचं आश्चर्यकारक साम्य आहे. गावोगाव बातम्या आणि कहाण्या गात फिरणाऱ्या गायकांची ही परंपरा. युरोपातून आलेला अकॉर्डियन, आफ्रिकी वळणाचं छोटं ढोलकं आणि मूळ रहिवाशांचं खरवडून वाजवायचं वाद्य तिथं एकत्र नांदतात. 2015 मध्ये युनेस्कोनं तिला तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं. कारणांमध्ये बाजारी नव्या गाण्यांचा रेटा होता, तसंच रस्त्यावर, अंगणात रंगणाऱ्या पारांदा या मैफिली कमी होत चालल्याचंही नमूद होतं. पिढीकडून पिढीकडं गाणं जायचं ते तिथंच.

मेळघाटात तर अंगणच हललं. 1974 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढं कोहा, कुंड, बोरी यांसारखी गावं उठून अकोटच्या बाजूला सपाटीवर आली. वाघासाठी जंगल मोकळं व्हावं, यामागची निकड मला कळते. पण पुनर्वसनाच्या हिशेबात घर, शेती, पैसा धरला जातो, तेव्हा मुंडे कुठं धरायचे? सिडोलीच्या विधीत मेलेल्यांसाठी उभारलेले, चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले लाकडी स्तंभ म्हणजे हे मुंडे; ते जुन्या गावठाणाशी जोडलेले असतात. त्यांच्यापुढं म्हणायची गाणी कपाशीच्या धुऱ्यावर उभं राहून म्हणता येतात का, हे त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना बसून विचारायला हवं, आणि तेही कोरकूत. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं संध्याकाळी यंत्र सुरू करावं आणि उजाडेपर्यंत बंद करू नये. मधला खोकला, हशा, एखाद्या म्हातारीनं नातवाला दिलेली दुरुस्ती, सगळं त्यात राहू द्यावं.