वणव्याचा बाण आणि डिझेलचा बाण

कार्बनचक्राची आकृती फळ्यावर काढली नाही असा विज्ञानशिक्षक सापडणे कठीण. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड, खाली झाड, गाय, माती, कोपऱ्यात एक धुराडे आणि सगळ्यांना जोडणारे बाण. प्रकाशसंश्लेषणाचा बाण खाली येतो, श्वसनाचा वर जातो, ज्वलनाचाही वर जातो. परीक्षेत एवढे काढले की गुण मिळतात. आमची तक्रार यातल्या ‘ज्वलन’ या एका शब्दाविषयी आहे. बारामती तालुक्यात सुप्याच्या माळावर पेटलेले गवत आणि इंदापूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकमधले डिझेल या आकृतीत एकाच बाणावर बसून हवेत जातात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे, दोन्हीकडे कार्बन डायऑक्साइडच तयार होतो. चक्राच्या दृष्टीने मात्र ही मोठी चूक आहे, कारण या आकृतीत काळ कुठेच दाखवलेला नाही.

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्यात कुसळी, मारवेल यांसारखी गवते वाढतात, हिवाळ्यात वाळतात आणि उन्हाळ्यात एखाद्या विडीच्या थोटकानेही पेटतात. पेटलेल्या काडीतला कार्बन गेल्या पावसाळ्यातच हवेतून आलेला असतो. ती काडी जळली नसती तर मेंढी, वाळवी आणि बुरशी यांनी तोच कार्बन वर्षा-दोन वर्षांत हवेत परत केला असता. वणवा हेच काम अर्ध्या तासात उरकतो. जमिनीखालची मुळे बहुधा सुखरूप राहतात, कारण गवताची आग झटकन पुढे सरकते आणि काही सेंटिमीटर खाली तिची आच फारशी पोचत नाही. पुढच्या पावसात फुटवे येतात आणि गेलेला कार्बन पुन्हा काडीत बसतो. डिझेलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो परत गाडला जाण्याची वाट पाहणे माणसाच्या हातचे नाही.

एक हिशेब मांडू. समजा, १०० हेक्टर माळ जळाला. हेक्टरी २ टन वाळके गवत धरू आणि त्यातले ८० टक्के जळाले असे मानू. म्हणजे १६० टन गवत जळाले. सवाना प्रकारच्या आगीत एक किलो गवतामागे सुमारे १,६१३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २.३ ग्रॅम मिथेन आणि ०.२१ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो, असे आंद्रे आणि मेरले यांनी २००१ मध्ये संकलित केलेले सरासरी आकडे सांगतात. गुणाकार केला तर २५८ टन कार्बन डायऑक्साइड, ३६८ किलो मिथेन आणि जवळजवळ ३४ किलो नायट्रस ऑक्साइड.

आता एखादा बातमीदार लिहील की या वणव्याने २५८ टन कर्बवायू हवेत सोडला. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो या दराने हे ९५ हजार लिटर डिझेल होते. वाचणारा घाबरेल. पण हे २५८ टन चांगल्या पावसाच्या वर्षी परत येणारे आहेत. म्हणूनच आयपीसीसीच्या हिशेबाच्या नियमांत, गवताळ प्रदेश गवताळच राहणार असेल तर त्याच्या आगीतला कार्बन डायऑक्साइड साधारणपणे धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात, कारण गवत त्यांना परत शोषून घेत नाही. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेनचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आणि नायट्रस ऑक्साइडचा २७३ पट मानला, तर दोन्ही मिळून सुमारे १९ टन होतात. डिझेलमध्ये सांगायचे तर ७ हजार लिटर. ९५ हजार आणि ७ हजार यांतला फरक आकृतीतल्या एका बाणाने झाकून टाकला आहे. उलट बाजूने ‘गवत काय, पुन्हा उगवते’ म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवे की ७ हजार लिटर म्हणजे शून्य नव्हे. शिवाय चाऱ्याची, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची आणि धुरात उडून गेलेल्या नायट्रोजनची नुकसानी या आकड्यात आलेलीच नाही.

जागतिक आकड्यांतही हाच गोंधळ होतो. जगभरच्या आगींतून वर्षाला २ ते ३ अब्ज टनांच्या आसपास कार्बन हवेत जातो. त्यातला निम्म्याहून बराच अधिक सवानांतून, मुख्यतः आफ्रिकेतून. खनिज इंधनांतून सुमारे १० अब्ज टन जातो. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की वणवा हा कोळशाचा धाकटा भाऊ वाटू लागतो. तसे तो नाही. इंडोनेशियात १९९७ आणि २०१५ मध्ये दलदलीतले पीट जळाले, ती आग मात्र कोळशाच्याच जातीची होती. हजारो वर्षांचा साठा एका हंगामात गेला. अर्थात आगीचेही प्रकार आहेत, आणि आकृतीत ते वेगळे दिसायला हवेत.

उपग्रहांच्या नकाशांनी आणखी एक विचार करायला लावणारी गोष्ट दाखवली. १९९८ ते २०१५ या काळात जगातले जळणारे क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटले. मुख्य कारण म्हणजे सवानांची शेते झाली. बारामती-इंदापूरने हा बदल फार आधी पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि पुढे त्याच्या काठी ऊस उभा राहिला. माळाची आग गेली, तरी पाचटाची आग आली. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट राहते, म्हणजे आमच्या हिशेबातल्या माळाच्या चार-पाच पट. आणि एका एकरातली ही आग जागतिक नकाशात बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण जळालेले क्षेत्र मोजणाऱ्या नेहमीच्या नकाशांचा एक चौकोन ५०० मीटर बाजूचा, म्हणजे २५ हेक्टरांचा असतो. पाचट कुजवले तरी त्यातला बराच कार्बन हवेत जातोच, हेही मुलांना सांगावे. वाचतो तो नायट्रोजन, आणि टळतो तो धूर.

सगळ्यांत मोठे नुकसान करते ते नाव. चँपियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात आपला हा कोरडा टापू ‘काटेरी वन’ या खात्यात पडतो, महसुली बोलीत तो ‘पडीक’ होतो. मग वाटते की इथे पूर्वी दाट जंगल होते, ते वणव्याने गेले, आता झाडे लावली की कार्बन साठेल. जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आशियातल्या अशा अनेक ‘वनां’ना सवाना म्हणावे असे मांडले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे आणि माळांचे उल्लेख तपासून दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातली ही राने निदान साडेसातशे वर्षे मोकळीच आहेत. (भाषेच्या शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला बोलवायला हे निमित्त चांगले आहे.) तरीही पुणे जिल्ह्यातल्या माळांवर चर खणून गिरिपुष्प लावले गेले. गवत आपला बराचसा कार्बन जमिनीखाली ठेवते, झाड त्यातला मोठा भाग जमिनीवर ठेवते. अशा झाडांखाली आग शिरली तर जळतो तो एका पावसाळ्याचा नव्हे, अनेक वर्षांचा कार्बन. आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या किंवा इंदापुरातल्या कडबनवाडीच्या चिंकाऱ्याला सावली नको, मोकळे रान हवे.

आकृती बदलणे अवघड नाही. प्रत्येक बाणावर परतीचा काळ लिहावा: गवत, एक पावसाळा, झाड, काही दशके, पीट, हजारो वर्षे, डिझेल, कोट्यवधी वर्षे. हेक्टरी २ टन हा आमचा आकडा मात्र मुलांनी तसाच घेऊ नये. शाळेजवळच्या माळावर, मालकाला विचारून, डिसेंबरात एक मीटर बाजूच्या दहा चौकोनांतले गवत कापावे, वाळवावे, तोलावे. चौरस मीटरमागच्या सरासरी ग्रॅमला दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात.