उणे एक म्हणजे काय?

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत पाण्याच्या मीटरचे जून ते मे असे बारा आकडे होते. पहिला महिना अर्धवट, तो गाळून सरासरी काढायची. ‘आर’ भाषेत चौकटी कंसात उणे एक लिहिलं की पहिला आकडा गळतो. आम्ही सत्तरी ओलांडल्यावर पायथन शिकायला घेतलेलं. तिथेही तेच लिहिलं. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा! एकट्या मे महिन्याचा आकडा वर्षाची सरासरी म्हणून टिपणात गेला. यंत्राने हूं की चूं केलं नाही. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव त्यावरच उभा होता, बरं का.

डावीकडे आर, उजवीकडे पायथन असे तक्ते शिकवण्यांतून वाटतात. आमचा आक्षेप त्यांच्यावर आहे. वेगळी दिसणारी चिन्हं तक्ता छान जुळवून देतो. पण सारखी दिसणारी, अर्थ निराळा असलेली चिन्हं त्यात येतच नाहीत.

आता हे बघा. ‘अ’ ही यादी, तिलाच ‘ब’ म्हटलं आणि ‘ब’मधला एक आकडा बदलला. आरमध्ये ‘अ’ शाबूत राहते. पायथनमध्ये ‘अ’सुद्धा बदलते, कारण तिथे यादी एकच, नावं दोन, वेगळी प्रत हवी तर तसं सांगावं लागतं. नाव आणि वस्तू यांचा संबंध आम्ही न्यायदर्शनाच्या तासाला जन्मभर शिकवला. इथे मात्र तो ओळखला नाही!

ठराव सभेच्या आदल्या रात्री मागे घेतला. खरी सरासरी मेपेक्षा बरीच कमी निघाली.